यादी बंद झाल्यानंतर: शोधनिबंधाच्या प्रकाशनात महाविद्यालयीन ग्रंथपालाने करावयाची मदत

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य शोधनियतकालिकांची 'यूजीसी-केअर' यादी बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि ग्रंथालयाच्या टेबलाशी येऊन संशोधक जो प्रश्न विचारत असत तो प्रश्नच बदलून गेला. पूर्वी 'हे जर्नल केअरमध्ये आहे का?' असे विचारले जाई आणि दोन मिनिटांत होय किंवा नाही असे उत्तर देता येई. आता 'हे जर्नल चांगले आहे का?' असे विचारले जाते, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी किमान अर्धा तास, थोडे कौशल्य आणि बरीच चिकाटी लागते. आयोगाने नियतकालिक निवडण्यासाठी मार्गदर्शक निकष दिले आहेत. ते वापरण्याची जबाबदारी मात्र संस्थांवर आणि संशोधकांवर आली आहे. नियतकालिक म्हणजे काय, त्याचा अंक कसा नोंदवतात, त्याचा प्रकाशक कसा शोधतात हे ज्याला नोकरीचा भाग म्हणून ठाऊक असते असा महाविद्यालयातला माणूस म्हणजे ग्रंथपाल. म्हणून हे काम आपण अंगावर घ्यावे असे मला मनापासून वाटते, आणि ते कोणत्या क्रमाने करावे हे येथे मांडतो आहे.

यादीच्या इतिहासाकडे एकदा पाहून ठेवणे उपयोगाचे आहे. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील संशोधकांचा पुढाकार असलेल्या विश्लेषणात, विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कोणत्याही प्रमुख निर्देशसूचीत (निवडक नियतकालिकांतील निबंधांची नोंद ठेवणाऱ्या माहितीकोशात) नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत असा निष्कर्ष निघाला होता. त्यानंतर 'केअर'ची यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे आले. या यादीने अनेकांना फसवणुकीपासून वाचवले हे खरे आहे. तिच्यामुळे नियतकालिक उघडून वाचून पाहण्याची सवय सुटली, हेही तितकेच खरे आहे. ती सवय पुन्हा लावणे हा ग्रंथपालाच्या मदतीचा गाभा आहे.

पहिली पायरी: भेट लवकर घडवून आणणे

बहुतेक संशोधक ग्रंथपालाकडे निबंध लिहून झाल्यावर, किंबहुना शुल्क भरण्याची वेळ आल्यावर येतात. तोपर्यंत मदतीचा निम्मा अवकाश संपलेला असतो. त्यामुळे पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर लगेच, कोर्सवर्क चालू असतानाच, प्रत्येक संशोधकाशी अर्ध्या तासाची एक भेट ठरवावी. आयोगाने 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी लागू केलेला आहे. आपले महाविद्यालय संशोधन केंद्र असेल तर त्यातील निर्देशसूची, मुक्त प्रवेश (निबंध सर्वांना विनामूल्य वाचता येणे) आणि फसवी नियतकालिके (पैसे घेऊन तपासणीविना छापणारी) या भागांची तासिका आपण घेऊ, असे विभागप्रमुखांना लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले वेळापत्रक करताना विसरले जाते.

या पहिल्या भेटीत सल्ला कमी द्यावा आणि प्रश्न अधिक विचारावेत. निबंध कोणत्या भाषेत लिहायचा आहे, तो कोणी वाचावा अशी इच्छा आहे, मार्गदर्शकांची अपेक्षा काय आहे, निबंधाची गरज प्रबंधासाठी आहे की पदोन्नतीसाठी, मुदत कोणती आहे आणि शुल्काची तरतूद आहे का, एवढे विचारले तरी पुढची वाट बरीचशी स्पष्ट होते. येथे एक माहिती आवर्जून द्यावी. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची आयोगाची सक्ती काढून टाकली आहे. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय सांगतो ते पाहूनच विद्यार्थ्याला उत्तर द्यावे. पण जी घाई त्याला फसव्या नियतकालिकाकडे ढकलते, ती अनेकदा अनावश्यक असते हे त्याच्या लक्षात आणून द्यावे. अध्यापकांची गोष्ट वेगळी आहे. आयोगाच्या २०१८ च्या अध्यापकविषयक विनियमांनुसार पदोन्नतीच्या गणनेत विज्ञान शाखांमध्ये एका निबंधाला ८ आणि भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांमध्ये १० गुण असल्यामुळे मुलाखतीच्या तारखेचा ताण खरा असतो, आणि तो समजून घेऊनच त्यांच्याशी बोलावे लागते.

दुसरी पायरी: वाचनाची सोय आणि संशोधकाची ओळख

ज्याला आपल्या विषयातील ताजे निबंध वाचायला मिळत नाहीत त्याला कोणते नियतकालिक चांगले हे कळण्याची शक्यता कमी असते, म्हणून वाचनाची सोय आधी पाहावी. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही योजना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके उपलब्ध करून देते आणि तिचे संयोजन गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र करते. ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, तेव्हा आपली संस्था तिच्यात येते का हे तपासूनच संशोधकाला आश्वासन द्यावे. येत नसेल तर महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणारी एन-लिस्ट, भारतीय प्रबंधांचे ऑनलाइन भांडार शोधगंगा, मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांची 'डोआज' ही सूची आणि लेखकालाच ईमेल पाठवून प्रत मागणे, या चार मार्गांनी बरेच साहित्य हाती लागते. लेखकाला प्रत मागण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे. दोन ओळींचा नम्र नमुना ईमेल तयार करून ठेवला तर तो संकोच जातो.

याच बैठकीत संशोधकाची कायमची ओळख ठरणारा ऑर्किड क्रमांक काढून घ्यावा. हा १६ अंकांचा क्रमांक विनामूल्य मिळतो आणि मराठी नावांच्या बाबतीत त्याची गरज विशेष आहे. एकाच व्यक्तीचे नाव कधी आडनाव आधी घालून, कधी केवळ आद्याक्षरांनी, कधी वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह छापले जाते. रोमन लिपीत जाताना स्पेलिंग बदलते. लग्नानंतर अनेक संशोधिकांचे आडनाव बदलते आणि आधीचे निबंध जणू दुसऱ्याच कोणाचे होऊन बसतात. क्रमांक काढताना टंकलेखन संशोधकाने स्वतः करावे आणि महाविद्यालयाच्या ईमेलबरोबर वैयक्तिक ईमेलही नोंदवावा, कारण संस्था सुटली की तिचा ईमेल बंद होतो. अध्यापकांसाठी इन्फ्लिबनेटच्या 'विद्वान' या माहितीकोशातील नोंदही त्याच वेळी अद्ययावत करून घ्यावी. संदर्भांच्या नोंदी ठेवण्यासाठी झोटेरो हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते पहिल्या भेटीत शिकवले तर पुढचे कितीतरी तास वाचतात.

तिसरी पायरी: नियतकालिकाची पडताळणी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि हिला अर्धा तास राखून ठेवावाच.

सुरुवात एका साध्या नियमाने करावी. संशोधकाला ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून नियतकालिकाच्या संकेतस्थळावर जाऊ नये. आधी नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळखक्रमांक घ्यावा आणि तो आयएसएसएन पोर्टलवर स्वतः शोधावा. तेथे नियतकालिकाचे नोंदवलेले शीर्षक आणि देश विनामूल्य दिसतात आणि पुष्कळदा प्रकाशक व संकेतस्थळाचा पत्ताही मिळतो. यांपैकी एखादी गोष्टही जुळत नसेल तर तेथेच थांबावे. त्याचबरोबर हेही समजावून सांगावे की आयएसएसएन म्हणजे केवळ ओळखक्रमांक होय. भारतात तो दिल्लीच्या 'निस्पर' या संस्थेतील राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो आणि त्याचा मजकुराच्या दर्जाशी काहीही संबंध नसतो. 'आयएसएसएन आहे म्हणजे मान्यता आहे' हा समज मी अनुभवी प्राध्यापकांकडूनही ऐकला आहे.

नकली संकेतस्थळांचा धोका आपल्याकडे छापील नियतकालिकांना सर्वाधिक आहे. जे नियतकालिक वर्षानुवर्षे केवळ छापील निघते आणि ज्याचे स्वतःचे संकेतस्थळ नाही, त्याच्या नावाने कोणी तरी संकेतस्थळ उभे करते, तोच आयएसएसएन त्यावर टाकते आणि निबंध मागवू लागते. आमच्याकडे मराठीच्या एक अध्यापिका तीन दिवसांत मिळालेले स्वीकृतिपत्र घेऊन आल्या होत्या. नियतकालिकाचे नाव जुने आणि आदराचे होते, आणि सुदैवाने त्याचे बांधीव खंड आमच्या संग्रहात होते. खंडावरचा संपादकीय पत्ता एका गावचा, संकेतस्थळावरचा भलत्याच शहरातला, आणि पैसे भरायचे बँक खाते एका व्यक्तीच्या नावाचे होते. छापील अंकावरच्या क्रमांकाला दूरध्वनी केल्यावर संपादकांनी सांगितले की त्यांचे संकेतस्थळच नाही. त्या दिवसापासून मी पडताळणीसाठी आलेल्या प्रत्येकाला आधी मागच्या दालनातल्या खंडांपर्यंत नेतो. हा पुरावा कोणत्याही सर्च इंजिनात मिळत नाही, आणि तो आपल्याच ताब्यात असतो.

त्यानंतर निर्देशसूचीचे दावे तपासावेत. संकेतस्थळावर छापलेली बोधचिन्हे पुरावा म्हणून धरू नयेत. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन मोठ्या निर्देशसूची आहेत; स्कोपसमधील नोंद स्कोपसच्याच स्रोत-यादीत, वेब ऑफ सायन्समधील नोंद त्यांच्या 'मास्टर जर्नल लिस्ट'मध्ये आणि मुक्त प्रवेशाची नोंद डोआजमध्ये पाहावी. या तिन्ही ठिकाणी शोध घेण्यास पैसे लागत नाहीत. स्कोपसमध्ये नाव सापडले तरी कोणत्या वर्षापर्यंतची नोंद आहे ते वाचावे, कारण काही नियतकालिके तेथून वगळली गेलेली असतात आणि जुने बोधचिन्ह मात्र संकेतस्थळावर तसेच राहते. 'इम्पॅक्ट फॅक्टर' हा नियतकालिकातील निबंधांचे संदर्भ सरासरी किती घेतले जातात ते दाखवणारा आकडा क्लॅरिव्हेट कंपनीच्या 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मधून येतो. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे, 'ग्लोबल' किंवा 'सायंटिफिक' अशी विशेषणे लावलेले आकडे दिसले तर सावध व्हावे. प्रकाशन नीतिमत्तेसाठी काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेचे सदस्यत्व सांगितले असेल तर तेही कोपच्याच संकेतस्थळावर पाहावे.

संपादक मंडळातील दोन नावे निवडावीत, त्या व्यक्तींच्या संस्थेच्या पानावर जावे आणि शंका असल्यास त्यांना एक ओळ लिहून विचारावे. आपले नाव आपल्या नकळत वापरले गेल्याचे उत्तर आले तर पुढे काही तपासण्याची गरजच उरत नाही.

मग अंक उघडून वाचावा. एवढे सगळे दाखले पाहूनही अंक न वाचणारे लोक असतात, आणि मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. ताज्या अंकातील दोन निबंध संशोधकाने आपल्यासमोर वाचावेत आणि 'या निबंधाशेजारी माझे नाव मला चालेल का?' हे स्वतः ठरवावे. एकाच अंकात वाणिज्य, आयुर्वेद, मराठी कविता आणि यंत्र अभियांत्रिकी असे सगळे आले असेल, एका अंकात शेकडो निबंध असतील, चर्चासत्राचे सगळे निबंध जसेच्या तसे 'विशेषांक' म्हणून छापले असतील, तर समीक्षण (विषयातील तज्ज्ञांकडून तपासणी) झाले असण्याची शक्यता किती, हे वेगळे सांगावे लागत नाही. शुल्काबद्दल मात्र एक गैरसमज दूर करावा: लेखकाकडून प्रक्रिया शुल्क घेणारी चांगली नियतकालिके आहेत आणि शुल्क न घेणारी वाईटही आहेत. शुल्काची रक्कम आधीपासून जाहीर आहे का, आणि ते निबंध स्वीकारल्यानंतर मागितले जाते की निबंध पाठवण्याआधीच, हे पाहावे.

हे सारे एका पानाच्या तक्त्यात तारखेसह लिहावे, एक प्रत संशोधकाला द्यावी आणि एक फाइलला ठेवावी. त्यावर 'चांगले' किंवा 'वाईट' असा शेरा लिहू नये. काय तपासले, कोठे तपासले आणि काय आढळले एवढेच लिहावे. निर्णय संशोधकाचा आणि त्याच्या मार्गदर्शकांचा असतो. पुढे निवड समितीसमोर कोणी शंका घेतली तर हाच कागद संशोधकाच्या बाजूने बोलतो.

एखाद्याने आधीच निबंध पाठवलेला असेल तर त्याला दोष देत बसू नये. निबंध मागे घेत असल्याचे ईमेलने लेखी कळवावे, स्वामित्वहक्काचा फॉर्म भरू नये, निबंध मागे घेण्यासाठी शुल्क मागितल्यास ते देऊ नये आणि सर्व पत्रव्यवहार जपून ठेवावा. निबंध मागे घेतल्याचे कळवण्याआधी तो दुसरीकडे पाठवला तर एकाच वेळी दोन ठिकाणी सादर केल्याचा दोष लेखकावर येतो, म्हणून हा क्रम पाळावा.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी

मराठीतील संशोधनाला डिजिटल निकष सरसकट लावले तर अन्याय होतो. 'भाषा आणि जीवन', 'परामर्श', वाईचे 'नवभारत', धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे 'संशोधक' यांसारख्या नियतकालिकांनी मराठीतून गंभीर लेखनाची परंपरा उभी केली आहे. मराठी नियतकालिकाजवळ डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) नसणे किंवा झगमगीत संकेतस्थळ नसणे म्हणजे दर्जा नसणे नव्हे. येथे वर्षभराचे अंक वाचून, संपादकांशी बोलून आणि जुन्या लेखांचे संदर्भ नंतरच्या प्रबंधांमध्ये किती येतात ते शोधगंगेवर पाहून मत बनवावे लागते.

निबंध सापडण्याजोगा करण्याची जबाबदारीही आपण उचलू शकतो. मराठी निबंधाला मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही सारांश जोडावेत, लेखकाचे नाव दोन्ही लिप्यांत द्यावे आणि संदर्भसूचीतील मराठी शीर्षकांचे रोमन लिप्यंतर एकाच पद्धतीने करावे. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा, याचा आग्रह धरावा. जुन्या खासगी फॉन्टमध्ये तयार केलेली फाइल कागदावर सुरेख दिसते. पण संगणकाला त्यातली अक्षरे मराठी म्हणून वाचता येत नाहीत, त्यामुळे शोध यंत्राला तो निबंध सापडत नाही. डीटीपी केंद्रातून प्रबंध परत आला की त्यातला एक परिच्छेद कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवून पाहावा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची सरमिसळ उमटली तर फाइल रूपांतरित करून घ्यावी.

चौथी पायरी: साम्य अहवाल वाचणे

याच जुन्या फॉन्टमुळे साम्य तपासणीतही, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने पाहण्यातही, फसगत होते. जुन्या फॉन्टमधील प्रबंधाचा अहवाल शून्य टक्के आला म्हणून कोणी आनंदित होऊ नये. अशा वेळी सॉफ्टवेअरने मजकूर वाचलेलाच नसतो. इन्फ्लिबनेटच्या 'शोधशुद्धी' कार्यक्रमातून २०१९ पासून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर उपलब्ध झाले आहे. मात्र मराठीतील जे साहित्य डिजिटल रूपात आलेलेच नाही त्याच्याशी तुलना कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही, हे मार्गदर्शकांना स्पष्ट सांगावे.

२०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास विद्यार्थ्याला सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित लेखन द्यावे लागते, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित लेखन सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावे, प्रमाण समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य यांना मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे. अहवाल देताना संशोधकाजवळ बसून रंगवलेला एकेक भाग उघडावा. ९ टक्के साम्य एकाच लेखातून आलेले असेल तर ते पंधरा ठिकाणांहून आलेल्या १४ टक्क्यांपेक्षा अधिक गंभीर असू शकते. 'टक्केवारी कमी करून द्या' ही विनंती मात्र ठामपणे नाकारावी. शब्द फिरवून आकडा उतरवणे ही मदत नाही. परिच्छेद पुन्हा स्वतःच्या समजुतीने कसा लिहावा आणि श्रेय कोठे द्यावे हे दाखवणे ही मदत आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आता आणखी एक काम वाढवले आहे. ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ खऱ्यासारखे लिहून देतात. सूचीतील प्रत्येक डीओआय उघडून पाहावा, डीओआय नसलेला संदर्भ ग्रंथालयाच्या तालिकेत शोधावा आणि जो कोठेच सापडत नाही तो संशोधकाकडे परत पाठवावा. मागे घेतला गेलेला निबंध संदर्भात आला आहे का, हे 'रिट्रॅक्शन वॉच'च्या माहितीसंचात पाहता येते. तो २०२३ पासून सर्वांसाठी खुला आहे.

पाचवी पायरी: करार आणि त्यानंतर

स्वीकृतीच्या आनंदात हक्कांचा फॉर्म न वाचताच सही केली जाते. तो ग्रंथपालाने संशोधकाबरोबर बसून वाचावा. कोणते हक्क प्रकाशकाकडे जातात, निबंध पुढे आपल्या पुस्तकात घेता येईल का, आणि संस्थेच्या भांडारात (निबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) कोणती प्रत ठेवता येईल, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकात 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याचे पर्याय दिले असतील तर प्रत्येक पर्यायाचा अर्थ मराठीत समजावून सांगावा. लेखकाचे श्रेय देऊन कोणालाही वापरू देणारा परवाना आणि व्यावसायिक वापराला मनाई करणारा परवाना यांतला फरक कळल्याशिवाय चौकोनात खूण करू नये.

प्रकाशनानंतर निबंध उपलब्ध ठेवण्याचे काम राहते. प्रकाशकाने मांडणी केलेली अंतिम प्रत सामाजिक संकेतस्थळांवर चढवणे बहुधा कराराविरुद्ध असते. समीक्षणानंतर स्वीकारलेली, पण मांडणीपूर्वीची लेखकाची प्रत मात्र भांडारात ठेवण्यास अनेक प्रकाशक परवानगी देतात. म्हणून ती प्रत जपून ठेवण्यास संशोधकाला आधीच सांगावे, कारण वर्षभरानंतर ती कोणाच्याच संगणकावर सापडत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा किंवा जैवतंत्रज्ञान विभागाचा निधी असेल तर डिसेंबर २०१४ च्या त्यांच्या संयुक्त धोरणानुसार अशी प्रत भांडारात जमा करणे अपेक्षित आहे. महाविद्यालयाचे भांडार नसेल तर झेनोडो या विनामूल्य भांडाराचा उपयोग होतो आणि तेथे डीओआयही मिळतो.

एकट्या ग्रंथपालाच्या महाविद्यालयात हे सारे कसे साधावे, हा प्रश्न रास्त आहे. देवघेव, खरेदी आणि नॅकची कागदपत्रे सांभाळून दररोज हे काम होणार नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी या कामासाठी जाहीर कराव्यात, त्या वेळी देवघेव साहाय्यकाकडे राहील असे प्राचार्यांकडून लेखी मंजूर करून घ्यावे आणि महाविद्यालयाच्या संशोधन समितीत ग्रंथपालाचे नाव असावे अशी विनंती त्याच पत्रात करावी. पहिल्या महिन्यात फक्त नियतकालिक पडताळणीचा तक्ता सुरू करावा, बाकीच्या पायऱ्या नंतर जोडाव्यात. आलेला प्रत्येक प्रश्न, तारीख आणि विभाग यांसह एका नोंदवहीत लिहावा. सहा महिन्यांनी ती वही उघडली की कोणत्या विभागाकडून कोणीच आले नाही हे दिसते, आणि पुढची तासिका कोठे घ्यायची ते ठरते.